प्लॅस्टिकचं धुराडं

पहाटे पावणेचारला नाना माझ्या खोलीच्या दाराशी उभे. अंगात माझ्या नवऱ्याचा पार्का, डोक्याला कानटोपी, पायात दोन-दोन मोज्यांवर कोंबलेल्या स्लिपर. "अगं ऊठ, तुझी भट्टी विझाय लागलीया. तासभर ऐकतोय. पेटती आन् विझती, पेटती आन् विझती."

भट्टी म्हणजे फर्नेस. मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या पश्चिमेला कँटनला आम्ही राहतो, तिथे थंडीत घर जगतं ते हिच्या जिवावर. कराडच्या माझ्या मैत्रिणींना फर्नेस म्हटलं की लोखंड वितळवायची भट्टी वाटते, म्हणून सांगते. तळघरात उभा केलेला, गोदरेजच्या कपाटाएवढा पत्र्याचा खोका. आत गॅसचे बर्नर आडवे पेटतात, ज्वाळा पत्र्याच्या नळ्यांत शिरतात आणि त्या तापलेल्या नळ्यांवरून एक मोठा पंखा घरभरची हवा ढकलत राहतो. धूर नळ्यांच्या आतून, आपली हवा बाहेरून. दोघांची गाठ पडायची नाही. पडली तर कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला ना वास ना रंग. म्हणून जिन्यात एक डिटेक्टर कायम लावलेला.

नाना, म्हणजे माझे वडील, कराडजवळच्या एका सहकारी साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. एकतीस गळीत हंगाम. उन्हाळ्यात यायचे होते, पण व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळता मिळता सप्टेंबर उजाडला, आणि विमानतळावर सहा महिन्यांचा शिक्का बसला, म्हणजे ऐन थंडी त्यांच्या वाट्याला. नवरा सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी पुण्यात. घरात मी, सहा वर्षांचा लेक आणि नाना.

घर किती गरम ठेवायचं ते ठरवणारा थर्मोस्टॅट ६८ वर लावलेला, घरात ५९. बाहेर उणे ४. सगळं फॅरनहाइटमध्ये, जे नानांना अजून पटलेलं नाही. "एकुणसाठ म्हंजे उकडाय पायजे की," म्हणाले. त्यांच्या भाषेत घरात पंधरा आणि बाहेर उणे वीस.

गॅसचा वास आला असता तर पुढचं काहीच केलं नसतं. लेकाला उचलून, नानांना घेऊन बाहेर पडले असते आणि रस्त्यावरून फोन लावला असता. वास नव्हता, डिटेक्टर गप्प होता, म्हणून तळघरात गेलो.

तिथे मी तीन चुका केल्या, एकापाठोपाठ एक. थर्मोस्टॅट बंद करून चालू केला. मग फर्नेसशेजारचा, दिव्याच्या बटणासारखाच दिसणारा स्विच खाली-वर केला. आणि मग खालचं दार ओढून काढलं. फर्नेसच्या खालच्या दाराला एक गोल काचेची खिडकी असते, टिकलीएवढी. तिच्यातून आतल्या सर्किट बोर्डावरचा लाल दिवा दिसतो. काही बिघडलं की तो दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. किती वेळा म्हणजे काय, ते दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर असतं. आणि दार काढलं की दारामागचा छोटा स्विच सुटतो, वीज जाते, आणि माझ्या बोर्डावरची सगळी आठवण पुसली जाते. म्हणजे फर्नेस काय म्हणत होती ते मी ऐकायच्या आधीच तिच्या तोंडावर हात ठेवला. खिडकीतून आधी बघायचं, दार मागून काढायचं, हे मला चौदा वर्षं या घरात राहून माहीत नव्हतं.

फिल्टर काढला. सोळा बाय पंचवीसचा, इंचभर जाडीचा. दिवाळीत बदललेला. वरचा थर राखाडी, आणि बोटाला किंचित चिकट. आपल्या फोडण्यांचा अंश त्यात असणार याबद्दल मला शंका नाही. फिल्टर तुंबला की हवा कमी फिरते, नळ्या जास्त तापतात, आणि तापमानावर नजर ठेवणारा लिमिट स्विच गॅस तोडतो. पंखा मात्र चालू राहतो, निवेपर्यंत. म्हणून फर्नेस बंद पडली की सगळे आधी फिल्टर बघायला सांगतात, आणि ते बरोबरच आहे. नवा घातला, बाण फर्नेसच्या दिशेला करून. पाऊण तास चालली. लेकाच्या खोलीतल्या जाळीवर हात धरून बघितला, गरम. पाठ टेकवते न टेकवते तोच पुन्हा शांतता.

या शांततेची भीती इथे राहिल्याशिवाय कळत नाही. २०१९ च्या जानेवारीत, ध्रुवावरची थंडी खाली उतरली होती त्या आठवड्यात, रात्री सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. मिशिगनमधल्याच मॅकोम्ब काउंटीत गॅस ढकलणाऱ्या एका मोठ्या केंद्राला आग लागली होती, आणि थर्मोस्टॅट ६५ किंवा त्याखाली आणा असं सरकारी आवाहन होतं. गाड्यांच्या कारखान्यांनीसुद्धा कामं थांबवली होती. आम्ही ६२ वर आणून सगळे एका खोलीत झोपलो होतो, सिंकखालची कपाटं उघडी टाकून आणि नळाची बारीक धार सोडून, म्हणजे भिंतीतले पाइप गोठून फुटू नयेत. त्या रात्री फर्नेस ठणठणीत होती, गॅसची चिंता होती. आता उलटं.

विजेचा हीटर नानांच्या खोलीत, दुसरा लेकाच्या. दोन्ही एकाच सर्किटवर निघाले आणि ब्रेकर पडला. मग तिघं एका खोलीत.

नाना झोपले नाहीत. उजाडताना बर्फात उभे राहून घराच्या बाजूची भिंत न्याहाळत होते. "धुराडं कुठाय हिचं?"

मी भिंतीतून बाहेर आलेले दोन पांढरे पाइप दाखवले. एकातून हवा आत, दुसऱ्यातून धूर बाहेर.

"ह्ये? ह्ये तर पीव्हीसी हाय."

"हो."

"प्लॅस्टिकचं धुराडं?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी कागदाच्या कढईत भजी तळते म्हणाले. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळणाऱ्या बॉयलरची ती उंच चिमणी ज्याने एकतीस वर्षं सांभाळली, त्याला हे पचणं कठीणच. पुढे होऊन त्यांनी हातमोजा काढला आणि पाइपाच्या तोंडापुढे तळवा धरला. जरा वेळाने ओला तळवा माझ्यापुढे केला. "कोमट हाय. आन् वला हाय."

हे त्यांनी पहिल्याच सकाळी सांगितलं होतं. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

नानांचा अंदाज होता की धुराड्याचं तोंड बर्फाने आवळलंय. खरंच खालून बर्फाचा ढीग पाइपाच्या वीतभर जवळ आला होता. झाडूने तो दूर केला, तोंडाशी लटकलेलं बर्फाचं बोट तोडलं. नाना खूश. वीस मिनिटांनी फर्नेस बंद.

मग माझी पाळी. इंटरनेटवर 'फर्नेस पेटते आणि विझते' असं लिहा, जो तो एकच उत्तर देतो: फ्लेम सेन्सर. उत्तर इतकं सगळीकडे सारखं असतं याचं कारण ते पुष्कळदा बरोबर असतं. बर्नरच्या टोकाशी, चिनी मातीच्या ठोकळ्यात बसवलेली पेन्सिलीपेक्षा बारीक सळई; तीच ज्वाळेत उभी असते. बोर्ड तिच्यावर उलटसुलट वाहणारी वीज सोडतो. ज्वाळेतून वीज वाहते, पण सळई लहान आणि बर्नर मोठा, म्हणून एका दिशेने जास्त वाहते. त्या एका दिशेच्या प्रवाहावरून बोर्डाला कळतं की आग खरोखर लागलीय. प्रवाह केवढा? दोन ते सहा मायक्रोअँप चांगला म्हणायचा, म्हणजे अँपिअरचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले दोन-चार. सळईवर नुसती पांढुरकी राख बसली तरी एवढासा प्रवाह अडतो, आणि बोर्ड काही सेकंदांत गॅस तोडतो. आग असते, पण तिची साक्ष पटत नाही.

वीज बंद, गॅसची तोटी पाइपाला आडवी. पाव इंची षट्कोनी डोक्याचा एकच स्क्रू. सळई बाहेर आली ती टोकाला काळपट, मध्ये पांढरी. बारीक स्टील वूलने हलक्या हाताने घासली, खडबडीत पॉलिशपेपर वापरायचा नाही, चरे पडले की तिथेच पुन्हा राख धरते. कोरड्या फडक्याने पुसली. बोट लावू नकोस, म्हणून नाना वर उभे. बसवली. भप्प करून पेटली. शनिवारी दिवसभर चालली, रात्रभर चालली, आणि मी नवऱ्याला फोनवर 'आपण दीडशे डॉलर वाचवले' असं ऐकवूनसुद्धा झालं.

रविवारी दुपारी थंडी पुन्हा उतरली आणि फर्नेस पुन्हा बसली.

मग तंत्रज्ञ बोलावला. सुट्टीच्या दिवसाचा दर वेगळा. तो आला तेव्हा फर्नेस दोन तास बंद होती; त्याने चालू केली आणि ती शाळेत पाहुणे आल्यावर पोरं वागतात तशी वागली. वीस मिनिटं तो उभा होता, तिने एकदाही हूं की चूं केलं नाही. सोळा वर्षांची झाली, आता असंच चालायचं, म्हणाला, आणि नव्या फर्नेसचा सात हजार डॉलरचा कागद ओट्यावर ठेवून गेला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली असेल-नसेल, आतून टक्.

रात्री नऊला नाना तळघरात स्टूल घेऊन बसले. वाण्याच्या दुकानाचं जाहिरातीचं पान उलटं करून त्यावर पट्टीने रेघा मारल्या. वेळ, काय झालं, शेरा. बॉयलर हाऊसमध्ये दर तासाला लॉगशीट भरायची असते, तशी. "तू आदी दुरुस्त करतीस आन् मग बघतीस," म्हणाले. "आदी बघ."

मीही बसले. फर्नेस पेटण्याआधी काय काय करते हे त्या रात्री पहिल्यांदा नीट ऐकलं. आधी एक छोटा पंखा घूंऽऽ करतो, तो धूर बाहेर खेचणारा. "हा आयडी फॅन," नाना लगेच म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "आदी पंखा, मग आग. आत साठलेला गॅस आदी भाईर काढायचा. बरोबर हाय हिचं." पंख्याची ओढ बसली की प्रेशर स्विच टिक् करतो. मग गॅस पेटवणारा इग्नायटर तापून लालकेशरी होतो, वीसेक सेकंद. गॅसचा व्हॉल्व्ह टक्. बर्नर ओळीने भप्प. आणि अर्ध्या मिनिटाने घरभर हवा फिरवणारा मोठा पंखा. या रांगेतला एकजण जरी पुढच्याला 'ये' म्हणाला नाही, तरी सगळं जागच्या जागी थांबतं.

ते पान माझ्यासमोर आहे, तसंच उतरवते:

९.१० पेटली. ९.३६ बंद. शेरा: गुडगुडी.
९.४१ पेटली. ९.५४ बंद. शेरा: गुडगुडी, जोरात.
९.५९ पेटली. १०.०५ बंद. शेरा: गुडगुडी. लाल दिवा ३.
१०.१० आयडी फॅन फक्त. पेट नाही. शेरा: रुसली.

"गुडगुडी म्हणजे काय हो नाना?"

"हुक्का. आमचा म्हातारा वढायचा. बंद पडायच्या आदी आतनं तसा आवाज येतोय. ऐकलास न्हाईस?"

नव्हता ऐकला. मोठा पंखा चालू असताना मला नुसती घरघर ऐकू येते. बॉयलरपाशी आयुष्य काढलेल्या माणसाला घरघरीच्या आतला आवाज ऐकू येतो. फर्नेस रुसून तासभर गप्प राहिली, तिच्या बोर्डात तसंच लिहिलेलं असतं, ठरावीक वेळा प्रयत्न फसला की कुलूप. ११.२० ला उठली आणि बावीस मिनिटं चालली. म्हणजे विश्रांती मिळाली की जास्त चालते, लागोपाठ चालवली की सव्वीस, तेरा, सहा. काहीतरी भरत होतं, आणि बंद असताना हळूहळू ओसरत होतं.

दारावरच्या कागदात माझ्या फर्नेसचे तीन लुकलुकणे म्हणजे प्रेशर स्विच. (दुसऱ्या कंपनीचं तीन वेगळं असू शकतं, माझ्या आकड्यावर जाऊ नका.) आणि मग तो ओला तळवा आठवला.

मी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाले. त्याचा संसारात झालेला हा पहिला उपयोग. नैसर्गिक गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. मिथेनचा एक रेणू जळला की कार्बन डायऑक्साइडचा एक आणि पाण्याचे दोन. जुन्या फर्नेसमध्ये ते पाणी वाफ होऊन तापलेल्या धुराबरोबर चिमणीतून जायचं. नव्या, गॅसची नव्वद टक्क्यांवर उष्णता घराला देणाऱ्या फर्नेसमध्ये नळ्यांची दुसरी एक जाळी धुरातली उरलीसुरली उष्णता काढून घेते. धूर इतका निवतो की वाफेचं पाणी होतं. म्हणून धुराडं प्लॅस्टिकचं चालतं. आणि म्हणूनच कडाक्याच्या दिवशी ही आगीची पेटी बादलीभर पाणी गाळते. ते पाणी एका प्लॅस्टिकच्या ट्रॅपमधून, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण हवा अडवणाऱ्या वळणातून, बारीक पाइपाने तळघरातल्या मोरीत जातं. ट्रॅप तुंबला की पाणी उलटं चढतं, छोट्या पंख्याची वाट अडवतं, पंखा पाण्यातून हवा ओढायला लागतो आणि हुक्का वाजतो. ओढ कमी पडली की प्रेशर स्विचचा पडदा मागे येतो आणि गॅस तुटतो. शनिवारी सेन्सर घासून जे काही बरं झालं ते सेन्सरमुळे नव्हतंच: मी दोन तास फर्नेस उघडून बसले होते तेवढ्यात पाणी ओसरलं, आणि शनिवारी थंडीही कमी होती, म्हणजे पाणी कमी, अर्धवट तुंबलेल्या नळीला झेपेल एवढंच.

एका व्हिडिओत एकजण प्रेशर स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाका, म्हणजे कटकट जाईल, असं सांगत होता. नानांना मी ते मराठीत सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडं एकानं शेफ्टी व्हॉल्वला वजन लटकवलं हुतं. वाफ वाया जातीया म्हणून. दुसऱ्या पाळीवाल्यानं बघितलं म्हणून मी हितं बसलोय." त्यापुढे त्यांनी त्या माणसाचं काय झालं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी लेकाला शाळेत सोडून आले. वीज बंद, तोटी आडवी, खाली जुने टॉवेल आणि भाकरीची परात, आमच्याकडची सगळ्यांत रुंद वस्तू. ट्रॅपला वरून दोन रबरी नळ्या. पहिली ओढली तेव्हा काहीच आलं नाही. दुसरी ओढली आणि आतलं सगळं पाणी एकदम सुटलं, परात चुकवून, नानांच्या स्लिपरवर. "आलं! आलं!" करत ते दोन्ही पाय उचलायला गेले आणि स्टुलावर बसले. इतके खूश मी त्यांना नायगारा बघतानाही पाहिलं नव्हतं.

ट्रॅप धुण्याच्या टाकीत नेऊन कोमट पाण्याखाली धरला. आधी पिवळट पाणी, मग गाळ, मग आतल्या वळणातून एक अख्खा गोळा सटकन बाहेर आला. विहिरीच्या पायऱ्यांवरच्या शेवाळासारखा, पण राखाडी, आणि हाताला आंबट वाटावा असा बुळबुळीत. मोरीकडे जाणाऱ्या पाइपातही तोच. प्रेशर स्विचची बारीक नळी ज्या तोटीला बसते तिचं भोक मोहरीएवढं, तेही अर्धं बुजलेलं. तारेने हळूच मोकळं केलं. ती नळी स्विचला जोडलेली असताना फुंकायची नाही, पडदा फाटतो. परत बसवण्याआधी ट्रॅपमध्ये पेलाभर पाणी ओतलं, कारण कोरडा ट्रॅप असला तर पंखा तिथूनच हवा ओढतो.

दार बसवलं. घूंऽऽ. टिक्. केशरी. टक्. भप्प.

नाना घड्याळ हातात घेऊन. दहा मिनिटं, वीस, तीस. मोरीच्या जाळीपाशी पाइपातून पाण्याचा थेंब पडायला लागला, मग दुसरा, मग बारीक संततधार. नाना जाळीपाशी उकिडवे बसून ते बघत राहिले. "दसऱ्याला आमच्यात बॉयलरचं अग्निप्रदीपन व्हायचं," म्हणाले, "चेअरमन यायचे. हितं कोण येणार?" मी वर जाऊन चहा टाकला, आणि देवापुढच्या वाटीतलं हळदकुंकू खाली नेलं. पत्र्यावर दोन बोटं ओढली. ती अजून आहेत.

सात हजारांचा कागद फ्रिजवर बरेच दिवस होता. फर्नेस सोळा वर्षांची आहे हे त्या माणसाचं म्हणणं खोटं नाही, पाच-सात वर्षांत बदलावी लागेलच. पण त्याने ट्रॅप उघडून बघितला नाही, आणि त्याच्या दराएवढा राग मला अजून आहे.

नाना मार्चमध्ये परत गेले, कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, आत पोहोचायचं म्हणून घाई. जाईपर्यंत रोज रात्री झोपण्याआधी एकदा तळघरात जायचे. लॉगशीटचं पान चुंबकाने फर्नेसच्या अंगाला लावलेलं आहे. त्यांची शेवटची ओळ: रात्री ११.१५, चालू. पाणी वाहते. गुडगुडी नाही.

परवा पहिली थंडी पडली तेव्हा ट्रॅप काढून धुतला आणि त्या पानावर, नानांच्या ओळीखाली, तारीख लिहिली. उभ्या पत्र्यावर बॉलपेन उमटेना, म्हणून पेन्सिलीने.